उरलेलं औषध लेकराला पाजू नका

घरातल्या औषधांच्या डब्यात बघा. अँटिबायोटिकची अर्धी बाटली असेल. मागच्या खोकल्यातली, पूड तळाशी बसलेली. लेकराला ताप भरला की ती हातात घेऊ नका.

तो ताप मेंदूज्वराचा असू शकतो. मेंदूभोवतीच्या पडद्याला जंतूंमुळे सूज येते आणि काही तासांत खेळतं मूल निपचित पडतं. वाचलेल्यांतल्या कित्येकांचं ऐकणं जातं. तापासोबत उलट्या, आखडलेली मान, गुंगी, झटका, तान्ह्याची फुगलेली टाळू, तोडलेलं दूध, यातलं काहीही दिसलं तर सकाळ उजाडायची वाट बघू नका. 108 लावा. बारामती असो की इंदापूर, जवळचं मोठं रुग्णालय गाठा. आधी काय पाजलं ते न लपवता सांगा.

घरच्या अर्ध्यामुर्ध्या डोसानं जंतू मरत नाही, लपतो. तपासणीसाठी पाठीतून काढलेल्या पाण्यात तो उगवला नाही, तर कोणतं औषध लागू पडेल हे डॉक्टरांना अंदाजानं ठरवावं लागतं. आणि हो, पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात, ही भीती सोडा. मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली सुई घालतात. नकार देऊ नका.

सर्दी विषाणूंची असते. तिला अँटिबायोटिक लागतच नाही. तरी देत राहिलो की नाका-घशात मुक्कामाला असलेला न्यूमोकोकस, मेंदूज्वर आणणारा एक जंतू, त्याला सरावतो. मग एका शिंकेसरशी शेजारच्या पोराकडे जातो. मेंदूच्या पडद्यापर्यंत औषध मुळात थोडंच पोहोचतं. जंतू जरा निबर झाला तरी ते तोकडं पडतं. पेनिसिलिनचं असंच झालं. आज भिस्त सेफ्ट्रियाक्सोनच्या इंजेक्शनवर आहे, आणि ‘एक इंजेक्शन मारा डॉक्टर’ म्हणत साध्या तापातही आपण अशीच इंजेक्शनं मागतो! मागू नका. डॉक्टर नको म्हणाले तर ऐका. दिलं तर सांगितलेले दिवस पुरे करा.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. पाकिटावर त्यासाठीच लाल रेघ असते, ती बघा. कात्रीनं कापलेल्या दोन गोळ्यांवर ती दिसतही नाही. मेडिकलवाल्या दादांनो, तुमचीही लेकरं याच शाळांत जातात. नाही म्हणा.

आणि लस टोचून घ्या. 2021 पासून न्यूमोकोकसची लस महाराष्ट्रात सरकारी केंद्रांत मोफत आहे: बाळ दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांचं झाल्यावर. मेंदूज्वराचाच दुसरा जंतू हिब, त्याच्यावरची लस पेंटाव्हॅलंट लसीत येते. टोचलेल्या मुलाला आजाराचा धोका कमी होतो, अँटिबायोटिकही कमी लागतं.

गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या फडांवर बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. कोपीतल्या बाळांचे डोस वाटेतच हुकतात. मुकादमांनो, शेतकरीदादांनो, आशाताईंना उद्याच कोप्यांवर घेऊन जा. बाळाचं लसीचं कार्ड हरवलं असलं तरी त्यांना न्या. न्यूमोकोकसचा पहिला डोस वर्षाच्या आत पडायला हवा. तेवढा पडला की पुढचे नंतरही देता येतात.