बाळाचा एक हात हलत नसेल तर

घरात बाळ आले की कानात अजान, नाव ठेवणे, अकीका अशी लगबग सुरू होते. या आनंदात एक गोष्ट पाहायची राहून जाते. बाळ दोन्ही हात सारखेच हलवते का? दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचा लुळा हात लवकर लक्षात येत नाही. म्हणून दुपटे सोडून पाहा. मोठा आवाज झाला की तान्हे बाळ दचकून दोन्ही हात पसरते. एकच हात पसरला आणि दुसरा आत वळून अंगालगत सरळ पडून राहिला, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

हाताला हालचाल आणि संवेदना देणाऱ्या पाच नसा मानेतून निघतात आणि खांद्याजवळ त्यांचे जाळे बनते. बाळंतपणात डोके बाहेर आल्यावर कधी खांदा अडकतो आणि हे जाळे ताणले जाते. बाळ वजनदार असेल, आईला मधुमेह असेल किंवा चिमटा लावावा लागला, तर धोका वाढतो. दर हजार जन्मांत साधारण एक-दोन बाळांना ही इजा होते. फ्रान्सचे डॉ. ड्युशेन यांनी 1872 मध्ये आणि जर्मनीचे डॉ. अर्ब यांनी 1874 मध्ये तिचे वर्णन केले. म्हणून तिला ‘अर्ब्ज पाल्सी’ म्हणतात.

यात आईचा दोष नसतो. ‘सुनेने ग्रहणात काहीतरी केले’, ‘नजर लागली’ असली बोलणी घरातल्या वडीलधाऱ्यांनीच थांबवावीत. आधीच थकलेल्या मुलीवर हे ओझे कशाला?

नस नुसती ताणली असेल तर ती आपोआप भरून येते आणि बहुतेक बाळे अशीच सुधारतात. मात्र नस तुटली असेल किंवा मज्जारज्जूपासून मुळासकट उपटली असेल, तर केवळ वाट पाहून भागत नाही. इथे तिसरा महिना महत्त्वाचा. तीन महिन्यांचे बाळ हात कोपरात वाकवून तोंडाकडे नेऊ लागले की नाही, हे डॉक्टर पाहतात. पंजासकट सगळा हात लुळा असेल आणि त्याच बाजूची पापणी खाली आली असेल, तर इजा मोठी समजावी आणि तज्ज्ञाकडे आधीच जावे.

शस्त्रक्रिया साधारण तीन ते नऊ महिन्यांच्या वयात होते. बाळाला पूर्ण भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, मानेजवळच्या नसेचा खराब झालेला भाग काढतात. तेथे बाळाच्याच पोटरीतील नसेचे तुकडे जोडतात. ती नस काढल्याने पायाच्या बाहेरच्या कडेला थोडी बधिरता राहते, चालण्यात अडचण येत नाही. मूळच उपटले असेल, तर शेजारच्या चांगल्या नसेची एक फांदी वळवून स्नायूला जोडतात.

फळ लगेच दिसत नाही. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. खांद्यापर्यंत, कोपरापर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागतात, पंजाला त्याहून जास्त. उशीर करू नये तो यासाठीच, कारण नसेविना फार काळ राहिलेला स्नायू सुकतो आणि मग नस पोहोचूनही उपयोग होत नाही. शस्त्रक्रियेनंतरही हात अगदी दुसऱ्यासारखा होईलच असे नाही. पण घास तोंडाशी नेणे, कपडे घालणे, दप्तर उचलणे एवढे जमले तरी मुलाचे आयुष्य बदलते.

घरच्यांनी काय करावे? हाड मोडले नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. मालिशवालीला तो हात ओढू किंवा झटकू देऊ नये. बाळाला काखेत धरून उचलू नये. झबले घालताना दुखरा हात आधी घालावा, काढताना शेवटी काढावा. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम रोज करावा, नाहीतर खांदा आखडतो. चिल्ल्याचे चाळीस दिवस संपेपर्यंत थांबू नका. आईला विश्रांती हवी असेल तर अब्बांनी किंवा दादीने बाळाला न्यावे. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सरकारी योजनांची चौकशी करावी.

आणि पुढच्या गरोदरपणी, पहिल्याच तपासणीत, आधीच्या बाळाच्या हाताची हकीकत डॉक्टरांना सांगायला विसरू नका. बाळंतपण कसे करायचे, हे त्यांना वेळेवर ठरवता येते. दुआ तर आपण करतोच, तिच्या जोडीला वेळेवर केलेली धावपळही हवी.