सलमान खान नको, संध्याकाळची सिस्टर हवी

जानेवारी २०२५ चा पहिला आठवडा आठवून बघा. बंगळुरूच्या दोन तान्ह्या बाळांमध्ये एचएमपीव्ही सापडल्याची बातमी ६ तारखेला आली, पाठोपाठ नागपुरातल्या दोन मुलांचं नाव संशयितांच्या यादीत आलं, आणि आमच्या इतवारीच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडचे मास्क एका दुपारीत संपले. मोहल्ल्याच्या ग्रुपवर त्या दिवशी मी मोजून चाळीस-एक फॉरवर्ड पाहिले. 'चीनचा नवा विषाणू', 'पुन्हा लॉकडाऊन', 'मुलांना घराबाहेर काढू नका.' हा 'नवा' विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तो जगभरच्या मुलांच्या नाकात आहे, हे सांगणारा मेसेज एकही नव्हता.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सवयीने ग्रुपचा जुना चॅट काढला आणि शब्द शोधले: खसरा, गोवर, मीझल्स. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२. तीन महिन्यांत दोन मेसेज सापडले. त्यातला एक कडुलिंबाच्या पाल्याचा.

त्या तीन महिन्यांत काय चाललं होतं? मुंबईत गोवंडीच्या रफी नगरात ऑक्टोबरच्या अखेरीस एकाच कुटुंबातली तीन मुलं काही दिवसांच्या आत दगावली. मग कळत गेलं की गोवर एम-पूर्व वॉर्डभर पसरलाय. कस्तुरबा रुग्णालयात मुलांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगाव. नावं नीट वाचा: गोवंडी, भिवंडी, मालेगाव. यातली दोन तर यंत्रमागाची गावं आहेत, आपल्या मोमिनपुऱ्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक तिथे आहे. तरी आपला ग्रुप गप्प होता. जो विषाणू बहुतेक मुलांना चार दिवसांचा सर्दी-खोकला देऊन जातो त्याला आपण घाबरलो, आणि ज्याने आपल्याच लोकांची मुलं नेली, ज्याची लस फुकट मिळते, त्याची आपल्याला खबरही नव्हती. याचा मला राग आहे, आणि तो फक्त सरकारवर नाही.

आता ते लाडकं वाक्य. 'लॉकडाऊनमुळे मुलांची इम्युनिटी कमजोर झाली.' चहाच्या टपरीपासून डॉक्टरच्या वेटिंगपर्यंत सगळीकडे ऐकतो. यात अर्धं खरं आहे. २०२० च्या हिवाळ्यात पश्चिम ऑस्ट्रेलियात आरएसव्ही, म्हणजे तान्ह्या मुलांना दम लावणारा नेहमीचा विषाणू, जवळजवळ गायब झाला आणि मग भलत्याच ऋतूत, तिथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, परतला. २०२२ च्या शेवटच्या महिन्यांत अमेरिकेतले बालरुग्ण विभाग याच विषाणूने भरले. २०२३ च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये अ‍ॅडिनोव्हायरसने तेच केलं. कारण साधं आहे. सर्व्हर काही तास बंद ठेवून सुरू केला की थांबलेल्या सगळ्या रिक्वेस्ट एकदम येतात. जी मुलं दोन-तीन वर्षांत थोडी थोडी आजारी पडली असती, ती एकाच मोसमात पडली, आणि खाटा तेवढ्याच होत्या. गर्दी झाली ती दारात. मुलांच्या अंगातलं काही तुटलेलं नव्हतं. उलट आरएसव्हीची गाठ जितकी उशिरा पडेल तितकं बरं, कारण दोन महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिका दोन वर्षांच्या मुलापेक्षा फारच अरुंद असतात.

पण गोवराच्या बाबतीत हे वाक्य अर्धंही खरं नाही. गोवर हाही श्वासातून पसरणारा विषाणू आहे, आणि पसरण्यात सगळ्यांचा बाप. आजारी मूल खोली सोडून गेल्यावरही तो दोन तासांपर्यंत हवेत राहतो. लस न घेतलेल्या दहा जणांचा संपर्क आला तर नऊ जणांना होतो. अंगावरचे पुरळ दिसतात म्हणून आपण त्याला कातडीचा आजार समजतो, पण गोवराने मुलं मरतात ती बहुतेक न्यूमोनियाने. आमची दादी म्हणायची, "खसरा तो सबको होता था, उससे बच्चा पक्का होता है." दादीच्या काळात किती मुलं त्यात गेली हे ती मोजत नव्हती, कारण गेलेल्या मुलाचं नाव घ्यायचं नाही अशी पद्धत होती. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तर दाखवलं की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या शरीरातली आधीची संरक्षक प्रथिनं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत पुसली जातात. शरीराने आधीच्या आजारांतून जे कमावलं ते हा विषाणू मिटवून जातो. पक्कं कुठे होतं मूल? फॉरमॅट होतं.

आणि त्याला रोखायला काय लागतं? दोन टोचण्या. पहिली नऊ ते बारा महिन्यांत, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत, दोन्ही सरकारी केंद्रावर मोफत. दोन्ही झाल्या की सुमारे ९७ टक्के संरक्षण. चुकली असेल तर पाच वर्षांपर्यंत घेता येते. महामारीत जगभर याच टोचण्या चुकल्या: एकट्या २०२१ मध्ये जवळपास चार कोटी मुलांचा गोवराचा एखादा डोस राहिला. महामारीचं खरं देणं आहे ते या रिकाम्या रकान्यांचं.

आपल्याकडे ते रकाने रिकामे कसे राहिले, ते इतवारीत राहणाऱ्याला सांगायला नको. एप्रिल २०२० मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा टिनाचे पत्रे ठोकून सील झाले. शेकडो लोकांना घरातून उचलून विलगीकरणात नेलं. त्या काळात केंद्राचा नियमच होता की कंटेनमेंट झोनमध्ये वस्तीत जाऊन लसीकरणाचं सत्र भरवायचं नाही. संसर्गाच्या दृष्टीने तो नियम कदाचित बरोबर असेल. पण पत्रे निघाल्यावर त्या गल्ल्यांतल्या राहिलेल्या मुलांची यादी करून कोणी परत आलं का? त्याच दिवसांत टीव्हीवर 'तबलीगी' हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं स्पष्ट म्हटलं. निकाल आला, पण गल्लीत वहीपेन घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल जी भीती बसली ती निकालाने जात नाही. आशाताई दारात आली की आजही काही घरं आतून कडी लावतात.

ही भीती मला समजते. २०११ मध्ये ओसामाच्या शोधासाठी सीआयएने पाकिस्तानात लसीकरणाची खोटी मोहीम चालवली, हेही खरं आहे, आणि त्याची किंमत तिथली मुलं अजून पोलिओने मोजताहेत. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा नपुंसकत्वाच्या ज्या अफवा आपल्यात फिरल्या, त्यांना भीती म्हणून सोडून देता येणार नाही. त्या आपल्याच शिकलेल्या पोरांनी फॉरवर्ड केल्या होत्या. माझ्या बॅचचे इंजिनियर होते त्यात. लशीतल्या जिलेटिनवरून हलाल-हरामचा प्रश्न विचारणारे निदान खरा प्रश्न विचारत होते. त्याला उत्तरही आहे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या सीरमच्याच लशीबद्दल, डुकरापासून आलेला घटक वापरला जातो हे मान्य करून गरज म्हणून ती जायज ठरवली. आपल्याकडे हे लपवायचं कशाला? जुम्याला मिंबरवरून सरळ सांगा.

सरकारचा उपाय बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये, कोविडची लस मुस्लिमबहुल भागात कमी घेतली जातेय म्हणून, राज्याच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की सलमान खानची मदत घेऊ. मला भाईजान आवडतो, ईदला त्याचा पिक्चर बघतो. पण माझ्या मुलाच्या डॉक्टरचं काम तो करणार? हे गृहीत धरलं गेलं की ही माणसं आकड्यांनी नाही, हिरोने पटतात. एका वर्षात गोवर आला.

इतवारीत दवाखान्याचं अंतर हा प्रश्नच नाही. मेयो आणि डागा, दोन्ही इथून चालत जाता येतं. प्रश्न वेळेचा आहे. आमच्या वहिनी साड्यांना फॉल-पिको करतात, नगावर पैसे. जवळच्या एका केंद्रावर त्या दोन वेळा बाळाला घेऊन गेल्या आणि दोन्ही वेळा ऐकलं, "मुलं कमी आहेत, एका मुलासाठी कुपी फोडता येत नाही, पुढच्या वेळी या." गोवराच्या लशीची कुपी एकदा तयार केली की काही तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून ही काटकसर. जागतिक आरोग्य संघटना मात्र म्हणते की समोर एकच मूल असलं तरी कुपी फोडा, कारण वाया गेलेले डोस एका गोवराच्या साथीपेक्षा स्वस्त पडतात. वहिनी तिसऱ्यांदा गेल्या. सगळ्या जात नाहीत. मग आपण लिहितो, 'मुस्लिम वस्तीत लसविरोध.' विरोध नाही, दोन दिवसांची मजुरी आहे ती.

म्हणून महापालिकेकडे मागायचं ते हे: बाजार उठल्यावर, संध्याकाळी सात ते नऊ, महिन्यातून दोनदा, मोमिनपुरा, हंसापुरी आणि सतरंजीपुऱ्यात लसीकरणाचं सत्र. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या हद्दीत दुसऱ्या डोसला किती मुलं राहिली याचा आकडा भिंतीवर लावा. आता यू-विनवर नोंदी होतात, म्हणजे हा आकडा काढणं माझ्यासारख्याच्या एका दुपारचं काम आहे. आणि नाही दिला तर माहितीचा अधिकार आहे, अर्जाचे दहा रुपये लागतात.

आपल्या बाजूचं कामही तेवढंच ठोस आहे. मशिदीच्या कमिटीकडे चंद्याची वही असते, घर न् घर नोंदलेलं. त्याच वहीत आणखी एक रकाना आखा: पाच वर्षांखालची मुलं. अकीक्याचं जेवण ठरतं तेव्हाच नवव्या महिन्याची तारीख लिहा. ग्रुपवर पुढचा घाबरवणारा मेसेज आला की त्याखाली फक्त विचारा, तुमच्या घरातल्या मुलाचं कार्ड कुठे आहे?

माझ्या पुतणीचं कार्ड पिठाच्या डब्यामागे सापडलं. पहिली टोचणी झालेली, दुसरीची ओळ कोरी, मूल सव्वादोन वर्षांचं. तुमच्याकडेही डबे असतील. आज रात्री काढून बघा, आणि दीड वर्षाच्या ओळीत तारीख नसेल तर उद्या घेऊन जा.