डिकीतला सीडी चेंजर घरी दुरुस्त होतो, मग नव्या गाडीची स्क्रीन का नाही?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. फोन विकत घेतानाच तो दुरुस्त करायला किती सोपा आहे, हे आकड्यात कळावं, अशी ही कल्पना. चांगली आहे, पण मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सपुरती. गाडीतल्या स्क्रीनचं काय? ते समजायला आधी एक जुनं यंत्र उघडू.

चेंजर का रुसतो?

सोलापुरात माझ्या मामांच्या जुन्या सेडानच्या डिकीत सीडी चेंजर आहे. सहा सीडींचं मॅगझिन, त्यातली एकेक सीडी ओढणारी मोटर आणि ती वाचणारा लेझर. इथला उन्हाळा चाळिशीपार जातो, वर धूळ. चेंजर नुसता खरखर करायचा आणि ‘नो डिस्क’ दाखवायचा. आम्ही क्रमाने तपासलं:

१. फ्यूज आणि केबल: चेंजर जागाच होत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग डॅशबोर्डपर्यंत गेलेल्या वायरचे कनेक्टर.

२. मॅगझिन: ट्रे वाकलाय का? सीडी उलटी बसलीय का? ओरखडे नसलेली ओरिजिनल सीडी लावून बघा. घरी राइट केलेल्या सीडी काही जुने चेंजर वाचत नाहीत.

३. लेन्स: सीडी फिरते पण वाचली जात नाही, तर लेन्सवर धूळ असू शकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओला केलेला कापूस हलक्या हाताने फिरवा. आधी पॉवर काढा. हा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारा असतो. चालू असताना आत डोकावू नका.

४. ग्रीस: जुनं ग्रीस चिकट झालं की मेकॅनिझम अडखळतं. ते पुसून प्लास्टिकला चालणारं नवीन लावा.

आमच्याकडे धूळ आणि ग्रीस, दोन्ही निघाले. एक रविवार गेला, खर्च किरकोळ. आणि कोणाची परवानगी लागली नाही.

नव्या गाडीत काय बदललं?

आता रेडिओ, मॅप, रिव्हर्स कॅमेरा, कधी कधी एसीसुद्धा एकाच स्क्रीनवर असतो. अनेक मॉडेल्समध्ये ही स्क्रीन त्या एकाच गाडीच्या नंबराशी सॉफ्टवेअरने बांधलेली असते. तशाच दुसऱ्या गाडीची चांगली स्क्रीन आणून बसवली, तरी कंपनीच्या टूलवर नोंद होईपर्यंत ती नीट चालत नाही.

मी सॉफ्टवेअरवालाच आहे, त्यामुळे यामागचं कारण कळतं: चोरी रोखणं. पण जुन्या स्टिरिओलाही कोड असायचा, बॅटरी काढली की तो विचारायचा. फरक एवढाच, की तो कोड मालकाच्या कार्डावर छापलेला होता. आता किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर आहे.

मग कायदा काय म्हणतो?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची टूल्स बाहेरच्या गॅरेजनाही मिळाली पाहिजेत, असंही सांगितलं. दंडावर पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये सरकारने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात वाहनंही होती, त्याच डिसेंबरात पोर्टलही आलं. पण पोर्टल म्हणजे माहिती, हक्क नव्हे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये फोनसारख्या वस्तूंसाठी असं सॉफ्टवेअरने पार्ट बांधणं कायद्यानेच रोखलं. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही.

माझ्या मते इंडेक्स यावा, पण त्यात स्क्रू किती आहेत एवढंच मोजून भागणार नाही. बदललेला पार्ट कंपनीला न विचारता चालतो का, यालाही मार्क हवेत. आणि गाड्याही त्यात हव्यात.

तोवर गाडी किंवा फोन घेताना दुकानात दोन प्रश्न विचारा: स्क्रीन बाहेर बदलली तर सगळी फीचर्स चालतील का? अपडेट किती वर्षं मिळणार? उत्तर लेखी मागा.