वेशीबाहेरचे गावकरी

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जालना, परभणी, धाराशिव आणि अहिल्यानगरचा दुष्काळी भाग येथून लाखो माणसे बिऱ्हाड घेऊन ऊसपट्ट्यात उतरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेली ही कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत परत जात नाहीत. वर्षाचे पाच-सहा महिने ज्या गावात त्यांची चूल पेटते, त्या गावाच्या दप्तरी मात्र त्यांची कोठेही नोंद नसते. गावाबाहेरच्या माळावर कोप्यांची रांग उभी राहते आणि हंगाम संपताच मोडते. गाव त्यांना पाहुणा मानीत नाही आणि रहिवासीही मानीत नाही. ऊस वेळेवर तुटला पाहिजे एवढाच काय तो त्यांच्याशी गावाचा संबंध!

या अलिप्ततेचे मूळ ऊसतोडीच्या अर्थव्यवस्थेत आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्या'ला, उचल देतो. या साखळीत मालक कोण, हे कोणत्याच कागदावरून सिद्ध होत नाही. एक दिवस कामावर न गेल्यास 'खाडा' म्हणून दंड मात्र ठरलेला असतो. तोडणी व वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो, म्हणून तोही म्हणतो की मजुरी दिली, जबाबदारी संपली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकरी कारखान्याचा धनी झाला, ही क्रांतीच होती. परंतु त्या सहकारात ऊस पिकविणाऱ्यास सभासदत्व मिळाले, ऊस तोडणाऱ्यास मिळाले नाही. सहकाराच्या घरातला हा भेद आजतागायत मिटलेला नाही.

त्याची किंमत प्रामुख्याने स्त्रिया मोजतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनाने पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे तीत आढळले. पहाटेपासून फडात वाकून राहायचे, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची, आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही आणि आजारपणाची रजा म्हणजे खाडा! अशा स्थितीत आजार अंगावर काढण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. शस्त्रक्रिया बीडमध्ये झाल्या असतील. परंतु आजाराचे बीज ज्या फडांत पडले ते फड ऊसपट्ट्यातले होते, हे विसरून चालणार नाही.

कायदा या माणसांच्या बाजूने अगदीच मुका आहे असे नव्हे. स्थलांतरित मजुरांसाठी संसदेने १९७९ साली कायदा केला खरा; पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता. बीडहून सांगलीला जाणाऱ्यास त्याचे छत्र लाभले नाही. इतर तरतुदी मात्र त्यालाही लागू आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य आता देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून घेता येते. गरोदर स्त्री आणि लहान मूल ज्या गावात आहे, त्या गावच्या अंगणवाडीत त्यांचा हक्क आहे. पण दुकान उघडे असते तेव्हा कार्डधारक फडात असतो, आणि शाळेच्या वेळी थोरली मुलगी कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेली असते. हक्क आणि माणूस यांची गाठ घालून देणारे कोणी नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

गावांची अडचणही खरी आहे. ग्रामपंचायतीला मिळणारे अनुदान मुख्यतः जनगणनेतील लोकसंख्येवर बेतलेले असते. हंगामात येणाऱ्या शेकडो माणसांच्या पाण्याचा आणि शौचालयांचा खर्च तिने कोठून करावा? तो कारखान्यांनीच सोसला पाहिजे. राज्य सरकारने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरविले. त्यातला निश्चित वाटा, ज्या गावांच्या हद्दीत कोप्या पडतात त्या ग्रामपंचायतींना मिळावा, ही मागणी आता लावून धरली पाहिजे. उचल घेऊन टोळी येतच नाही, ही वाहतूकदारांची तक्रारही खोटी नाही. परंतु त्यावरचा उपाय मुकादमाचा पाश अधिक आवळणे हा नव्हे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंदणी मंडळाकडे केली आणि मजुरी मंडळामार्फत देण्याची वाट घालून दिली. तशीच नोंदणी ऊसतोडीत झाली, तर मजूर उचलीच्या फासातून सुटेल आणि वाहतूकदाराचा पैसाही बुडणार नाही.

मंडळ स्थापन होईपर्यंत मात्र कोप्यांतील माणसांनी वाट पाहत बसावे असे नाही. सत्तरच्या दशकात बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढली, तेव्हा गावच्या पाण्यावर साऱ्या गावाचा हक्क आहे की नाही, एवढा साधा प्रश्न त्यांनी गावोगाव विचारला होता. तोच प्रश्न आज कोप्यांच्या माळावरून विचारला जात आहे. ऊसदरासाठी रस्त्यावर उतरणारा समाजवादी कार्यकर्ता बहुधा स्वतःच ऊस पिकवितो. त्याच्याच शेतात टोळी येते, त्याच्याच विहिरीवर हंडे येतात. त्यामुळे या प्रश्नात त्याची कसोटी इतर कोणाहूनही अधिक कडक आहे.

हंगामाच्या आरंभीच ग्रामसभेत कोप्यांतील कुटुंबांची यादी वाचली जावी. टँकर किंवा नळ कोप्यांपर्यंत जावा. रास्त भाव दुकान आठवड्यातून एक दिवस सायंकाळी उघडे राहावे. अंगणवाडी सेविका व आरोग्यसेविका यांची फेरी कोप्यांवर व्हावी आणि शिक्षकांनी मुलांना बोलावून पटावर घ्यावे. यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. पाच-सहा कार्यकर्त्यांची चिकाटी पुरे आहे. ही खैरात नव्हे. ज्यांच्या कोयत्यावाचून कारखान्याचे चाक फिरत नाही, त्यांना त्यांच्या हक्काचे देणे आहे. दुसऱ्याच्या घामाने ज्या गावाचा ऊस गाळपाला जातो, त्या गावाने त्या घामाच्या धन्याला वेशीबाहेर ठेवावे आणि समतेच्या सभाही भरवाव्यात, ही विसंगती मिटविण्याचे काम याच हंगामात सुरू झाले पाहिजे.