विकत घेतलेली साक्ष

गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते चातगावजवळचे शोधग्राम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या या संस्थेचे नाव आणि आज ज्यावाचून कोणाचे पान हलत नाही त्या संगणकीय शोधाचे इंग्रजी नाव एकच असावे, हा योगायोग खरा. परंतु प्रस्तुत विषय समजून घेण्यास तो उपयोगी आहे. नवजात बालकांची घरच्या घरी घ्यावयाची काळजी या विषयावरील संस्थेचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ खेड्यांत केलेल्या कामातून नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, हे त्यात दाखविले होते. देशोदेशीच्या संशोधकांनी या निबंधाचा दाखला दिला आणि पुढे आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात आली. दाखला देणाऱ्यास त्याबद्दल कोणी पैसे देत नसते. काम पटले म्हणून तो दाखला देतो. ज्ञानाच्या व्यवहारात दाखल्याला किंमत येते ती यामुळेच.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगलची उभारणी केली ती याच तत्त्वावर. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा, ज्याला या धंद्यात बॅकलिंक म्हणतात, हा त्यांनी दाखला मानला. साक्ष देणारे पान स्वतः जितके प्रतिष्ठित, तितके त्याच्या साक्षीचे वजन अधिक. आणि त्याची प्रतिष्ठा पुन्हा त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरणार. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वर्तुळाकार गणित ओळखीचे वाटेल. एका उद्योगाचे मोल इतर उद्योगांच्या मोलावर आणि त्यांचे पुन्हा याच्या मोलावर कसे अवलंबून असते, याची मांडणी वासिली लिऑन्टिएफ यांनी १९४१ सालीच केली होती. विशेष म्हणजे पेज आणि ब्रिन यांनी त्याच वर्षीच्या निबंधात असाही इशारा दिला होता की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल. आज त्यांची कंपनी मुख्यतः जाहिरातींवरच जगते.

साक्षीला मोल आले की साक्षीदाराला भाव येतो. कोर्टाच्या आवारात दोनचार रुपयांत मिळणारे साक्षीदार आपल्या मागच्या पिढ्यांनीही पाहिले आहेत. शोधयंत्राच्या यादीत पहिल्या पाचांत येणे म्हणजे गिऱ्हाईक, आणि दुसऱ्या पानावर जाणे म्हणजे अज्ञातवास, हे व्यापाऱ्यांना उमगताच दुव्यांचा बाजार उभा राहिला. कोणाच्या तरी लेखात एक वाक्य घुसडावयाचे, त्यातील दोन शब्दांना आपल्या दुकानाचा पत्ता जोडावयाचा आणि त्याचे पैसे मोजावयाचे. वाचकाला ती लेखकाची शिफारस वाटते, यंत्रालाही तसेच वाटते. अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचे प्रकरण 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फेब्रुवारी २०११ मध्ये उघडकीस आणले. कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिच्याकडे जाणारे दुवे पेरलेले होते आणि नाताळच्या ऐन हंगामात ती यादीच्या अग्रस्थानी होती. हे आपणांस ठाऊक नव्हते, असे सांगून कंपनीने सल्लागार संस्थेला दूर केले. अशा वेळी सल्लागारच का दूर होतो, हा प्रश्न वाचकांनी स्वतःशीच विचारावा.

महाराष्ट्राला हा रोग अपरिचित नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांची स्पर्धक असलेली मराठी वृत्तपत्रे एकाच उमेदवाराची स्तुती शब्दशः सारख्या मजकुरात छापीत होती, हे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून दाखवून दिले. 'पेड न्यूज' हा शब्द त्यानंतर खेडोपाडी पोहोचला आणि प्रेस कौन्सिलच्या द्विसदस्य उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवालही दिला. विकत घेतलेला दुवा हे त्याच व्यवहाराचे धाकटे भावंड आहे. फरक इतकाच की, तिथे माणसाला फसविले जात होते. इथे यंत्राला फसवून त्याच्याकरवी माणसाला फसविले जाते. म्हणूनच याविरुद्ध ओरड होत नाही. आपण फसलो, हे फसणाऱ्याला कळतच नाही.

हे सारे मुंबई-पुण्याचे प्रश्न आहेत, आपल्या जंगलभागाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. माझा एक माजी विद्यार्थी वडसा येथे झाडीपट्टीच्या नाटकांची माहिती देणारे लहानसे संकेतस्थळ चालवितो. दंडारीवरील त्याच्या एका जुन्या लेखात एक वाक्य घालू देण्याबद्दल त्याला मध्यंतरी परमुलुखातून पत्र आले. दुवा जावयाचा होता पैसे लावून पत्ते खेळविणाऱ्या एका संकेतस्थळाकडे. (पैशाच्या अशा खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली, पत्र त्याआधीचे.) रक्कम त्याच्या लहान धंद्याच्या मानाने मोहात पाडणारी होती. त्याने नकार दिला. दिला नसता तरी मी त्याला फार दोष दिला नसता. शेवटची कडी असलेल्या माणसाला नीतीचे धडे देणे सोपे असते. नफा घेणारा मात्र त्या धड्यांच्या वर्गात कधीच बसत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जिथे बाजार उथळ असतो तिथे भाव फिरविणे स्वस्त पडते. धान्याच्या लहान मंडीत दोन व्यापारी संगनमताने जे करू शकतात ते मोठ्या मंडीत त्यांना साधत नाही. इंग्रजीत एखाद्या विषयावर लक्षावधी पाने आणि कोट्यवधी दुवे असतात. मराठीत तोच विषय मूठभर पानांवर असतो आणि त्यांच्याकडे जाणारे दुवे बोटांवर मोजण्याइतके. थोड्या विकतच्या दुव्यांनी इथे अग्रस्थान मिळू शकते. सिकलसेल हा आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील घराघरांना ग्रासणारा आजार. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. एटापल्लीकडची एखादी आई मुलाच्या दुखण्याने हवालदिल होऊन मोबाइलवर मराठीत 'सिकलसेलवर उपाय' असे विचारते, तेव्हा वर येणारे पान सरकारी दवाखान्याच्या ज्ञानाने वर आले की चूर्ण विकणाऱ्याच्या पैशाने, हे तिला कशावरून कळावे? पहिले ते खरे, असे ती समजते. त्यात तिचे अज्ञान नाही. शोधयंत्राने तिला दिलेले ते अभिवचन आहे.

गूगल कंपनी म्हणते की, आम्ही याविरुद्ध झगडतो. ते खोटे नाही. २००५ मध्ये तिने एक खूण आणली; ज्या दुव्यावर ती असेल त्याची साक्ष मोजू नये. २०१२ मध्ये पेंग्विन नावाच्या सुधारणेने कृत्रिम दुवे घेणाऱ्यांना खाली ढकलले आणि २०१९ मध्ये मोबदला घेतलेल्या दुव्यासाठी वेगळी खूण आली. पण परिणाम पाहा. जाहिरातखोरांच्या उपद्रवामुळे विकिपीडियाने २००७ मध्ये आपल्या बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांवर ती जुनी खूण लावली. म्हणजे खोट्या साक्षीदारांच्या भयाने खऱ्यालाही तोंड बांधून बसावे लागले.

त्याहून मूलभूत आक्षेप असा की, पोलीस, न्यायाधीश आणि दुकानदार ही तिन्ही कामे एकच कंपनी करते. तिच्या शोधाने आपल्याच सेवांना झुकते माप दिले, म्हणून भारताच्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तिला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला. अमेरिकेत न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तिला बेकायदा मक्तेदार ठरविले. त्या खटल्यात निघालेला आकडा बोलका आहे: फोनवर आणि ब्राउझरवर आपलेच शोधयंत्र आधीपासून असावे म्हणून कंपनीने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली. वडशाच्या पोराने चार पैशांसाठी जागा विकली तर तो गुन्हेगार, आणि स्वतः कंपनीने जगभरची अग्रस्थाने विकत घेतली तर तो करार!

शिवाय पहिल्या पानाचा वरचा भाग जाहिरातींनी व्यापला की उरलेल्या जागेची टंचाई होते. ज्याला जाहिरातीचा भाव परवडत नाही तो दुव्यांच्या चोरबाजाराकडे वळतो. हा चोरबाजार अधिकृत बाजाराच्याच पोटी जन्मला आहे. 'लहान व्यापाऱ्याला दुसरा मार्गच नाही' हा युक्तिवाद त्या अर्थी निखालस खोटा म्हणता येत नाही. परंतु पैशाच्या या शर्यतीत अखेर मोठी थैलीच जिंकते, हे त्या लहान व्यापाऱ्याला कोणी सांगत नाही.

आपल्याकडे दुवा विकणे हा आज स्वतंत्र गुन्हा नाही. तो एका परदेशी कंपनीच्या नियमाचा भंग आहे. मात्र ग्राहक संरक्षण कायद्याखाली नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत 'वेषांतरित जाहिरात' हा प्रकार निषिद्ध ठरविला आहे. मोबदला घेऊन लेखात घातलेला दुवा त्याच व्याख्येत बसतो, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्पष्टपणे जाहीर करावे. जबाबदारी प्रथम पैसे देणाऱ्यावर ठेवावी, त्यानंतर जागा विकणाऱ्या मोठ्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर. सर्वांत शेवटी लहान माणसावर.

बंदीपेक्षाही महत्त्वाचे काम आपल्या हातचे आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर नेण्यास लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडले. माल आपला असणे आणि तो बाजारापर्यंत पोहोचणे यांत दोन वर्षांचे अंतर होते. मराठी ज्ञानाची आज तीच गत आहे. विश्वकोश आहे, आरोग्याच्या पुस्तिका आहेत, ग्रामसभांचे ठराव आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रामाणिक वाटा नाहीत. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने आपल्या ग्रंथपालांकडून सिकलसेल, वनहक्क, शिष्यवृत्ती, तेंदू-बांबूचे लिलाव अशा विषयांवरील विश्वसनीय पानांची सूची करवून घ्यावी, प्रत्येकाची शिफारस कोणी आणि का केली हे खाली लिहावे, आणि जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने व जिल्हा परिषदेने तिच्याकडे दुवा द्यावा. युरोपात २०२२ पासून सार्वजनिक निधीतून खुली शोधसूची उभारण्याचा प्रयत्न सुरू आहे. तितकी मजल आपण एका उडीत मारणार नाही. परंतु या सूचीला लागणारा खर्च एका पदवीदान समारंभाच्या मंडपाहून अधिक नसावा, आणि विद्यापीठाच्या पुढील अर्थसंकल्पात तेवढी तरतूद करावयास कोणाची हरकत असेल तर त्याने ती सभागृहात उभे राहून नोंदवावी.