अकरा जुलैची कुटुंबे आणि आपण

मंगळवार, ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी सहा वाजून चोवीस मिनिटांनंतरच्या अवघ्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत बॉम्बस्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही स्थानके चर्चगेटहून घरी परतणाऱ्या प्रत्येकाला जपमाळेच्या मण्यांप्रमाणे क्रमाने पाठ असतात. त्या संध्याकाळी त्या नावांना दुसराच अर्थ प्राप्त झाला. १८० हून अधिक प्रवासी मरण पावले आणि सुमारे ८०० जखमी झाले. वसई-विरार पट्ट्यातील आपल्या भाविकांना त्या रात्रीचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. फोन लागत नव्हते, रेल्वेमार्ग बंद होता आणि घरोघरी माणसे दाराकडे डोळे लावून बसली होती. ज्यांचे माणूस मध्यरात्र उलटली तरी परतले नाही, ते सायन, कूपर, भाभा, भगवती अशा रुग्णालयांत भिंतीवर लावलेल्या याद्या वाचत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या पुन्हा धावू लागल्या. वृत्तपत्रांनी त्याला मुंबईची जिद्द असे नाव दिले. आम्हांस त्या शब्दाविषयी तेव्हाही शंका होती. ज्याला महिन्याच्या शेवटी घरभाडे आणि कर्जाचा हप्ता भरावयाचा आहे, तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो. त्यात धैर्य असेलही, परंतु त्याच्यापुढे अन्य मार्गच नसतो. या कौतुकाचा एक दुष्परिणाम मात्र निश्चित झाला. ज्याला दुसऱ्या दिवशी गाडीत पाऊल ठेवणे जमले नाही आणि जो पुढे कित्येक महिने फलाटावरूनच परत फिरत राहिला, त्याला आपण एकटेच भित्रे आहोत असे वाटू लागले. शहर उभे राहिले, असे सर्व जण सांगत असताना आपण अजून बसलेलेच आहोत, हे तो कोणाला सांगणार?

या सर्वाची आठवण पुन्हा तीव्रतेने झाली ती जुलै २०२५ मध्ये. विशेष मकोका न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये तेरापैकी बारा आरोपींना दोषी ठरवून पाच जणांना फाशीची व सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांतील एकाचा तुरुंगवासातच मृत्यू झालेला होता. आरोपींचे कबुलीजबाब न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत, ओळखपरेड टिकली नाही आणि सरकार पक्ष आपली बाजू सिद्ध करण्यात सर्वथा अपयशी ठरला, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी काढला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा अन्य खटल्यांत दाखला देण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले नाही.

योगायोग असा की, त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै रोजी, २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्याचाही निकाल लागला. त्या स्फोटात सहा जणांचा मृत्यू झाला होता. तेथेही विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले. एका खटल्यातील आरोपी एका धर्माचे, दुसऱ्यातील दुसऱ्या धर्माचे. दूरचित्रवाणीवरील चर्चांत प्रत्येक पक्षाने आपल्या सोयीचा निकाल उचलून धरला आणि दुसऱ्यावर टीका केली. दोन्ही ठिकाणच्या मृतांच्या नातलगांना मात्र एकच प्रश्न पडला होता : मग आमच्या माणसाला मारले कोणी?

हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही, म्हणूनच आम्ही येथे त्याचा विचार करीत आहोत. मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात एक मर्मभेदी विचार मांडला आहे. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा निर्माण केल्याने समाजाला फसवे समाधान मिळते आणि खरा धोका मोकळाच राहतो, अशा आशयाचे ते निरीक्षण आहे. न्यायमूर्तींना समाजाच्या विश्वासाची चिंता होती. परंतु हे फसवे समाधान सर्वांत जवळून कोणी भोगले असेल, तर ते मृतांच्या कुटुंबांनी. नऊ वर्षे खटला चालला, तेव्हा ती थांबली. २०१५ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा कित्येकांनी मनाचे एक दार लोटून घेतले. पुढे दहा वर्षांनी ते दार पुन्हा उघडले आणि आत काहीच नव्हते.

मानसोपचारशास्त्रात अशा आघाताच्या परिणामांना स्वतंत्र नाव मिळून फार काळ लोटलेला नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणाव विकृतीचा समावेश केला, तो मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवामुळे. घडलेला प्रसंग आठवणीत न राहता पुन्हा पुन्हा समोर घडू लागणे, त्याची आठवण करून देणारी ठिकाणे व माणसे टाळणे, मन बधिर होणे आणि शरीर सतत सावध राहणे ही त्याची प्रमुख लक्षणे. दिवाळीत फटाका वाजला की, माणूस दचकून उभा राहतो; डब्यातील बेवारस पिशवी दिसली की, त्याचे हात थंड पडतात. पावसाळा सुरू झाला आणि जुलै जवळ आला की, कारण न कळता झोप उडते. कारण शरीराला तारीख लक्षात राहते.

आपल्याकडे हे सारे मनाच्या भाषेत क्वचितच बोलले जाते. छातीत धडधडते, डोके जड होते, पोटात गोळा येतो, अन्न गोड लागत नाही, असे रुग्ण सांगतो आणि डॉक्टर आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून देतात. वीस वर्षांपूर्वी गाडीत काय घडले हे डॉक्टर विचारीत नाहीत, रुग्णही सांगत नाही. शिवाय स्फोटाची काही इजा वरून दिसतच नाही. बंद डब्यातील स्फोटाच्या दाबाने कानाचे पडदे फाटतात व ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते. ज्याला नीट ऐकू येत नाही, तो घरातील गप्पांतून, लग्नसमारंभांतून, मिस्सानंतर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या घोळक्यातून हळूहळू बाहेर पडतो. लोक म्हणतात, त्याचा स्वभाव बदलला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा आपत्तीतून गेलेली बहुतेक माणसे काळाच्या ओघात, आप्तांच्या आधाराने सावरतात. प्रत्येक जण आजारी पडतो असे मुळीच नाही. घटनेनंतर लगेच प्रत्येकाला बसवून सर्व प्रसंग सविस्तर सांगावयास लावणे हितावह नसते, असेही संशोधनाअंती दिसून आले आहे आणि जागतिक आरोग्य संघटना तशा पद्धतीची शिफारस करीत नाही. प्रथम सुरक्षितता, अन्न, झोप, नातलगांशी भेट आणि सांगावेसे वाटेल तेव्हा ऐकणारा कोणीतरी, एवढेच पुरेसे असते. ईयोबाचे मित्र प्रथम आले, तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहिले. त्यांनी तोंड उघडून कारणमीमांसा सुरू केली, तेथून त्यांचे बिघडले.

दुःख आणि आजार यांची सीमारेषाही सोपी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणात प्रदीर्घ शोकाची विकृती अशी वेगळी नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ शोकाची तीव्रता तसूभरही न उतरता माणसाचे दैनंदिन जीवन थांबवून ठेवते, तेव्हा तिचा विचार केला जातो. सामूहिक हिंसाचारात दगावलेल्यांच्या घरांत हा धोका अधिक असतो. मृत्यू अचानक आलेला असतो, मानवी हातून आलेला असतो आणि त्याचा अर्थ लावणारा निकाल वर्षानुवर्षे लांबणीवर पडलेला असतो. प्रत्येक तारखेला वर्तमानपत्रात ते छायाचित्र पुन्हा छापले जाते. शोक करावयास जी खासगी जागा लागते, तीच या कुटुंबांना मिळत नाही.

मृतांच्या वारसांपैकी अनेकांना रेल्वेने नोकरी दिली, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद करावयास हवी. त्या नोकऱ्यांनी घरे वाचली, मुले शिकली. परंतु त्या व्यवस्थेचा दुसरा अर्थही पाहा. ज्या मार्गावर पती गेला, त्याच मार्गावर, त्याच रेल्वेचे ओळखपत्र गळ्यात घालून रोज ये-जा करावयाची. कोणाला हेच औषध ठरले असेल, कोणाला रोजची जखम. विचारपूस करणारे कोणी होते काय? रेल्वे कायद्यानुसार दहशतवादी कृत्यातील बळींना भरपाईचा हक्क आहे व त्यासाठी दावा न्यायाधिकरण आहे. उपचारांचा खर्च, अपंगत्वाची टक्केवारी, वारसाचा दाखला यांसाठी रकाने आहेत. झोप उडण्यासाठी मात्र रकाना नाही.

आता आणखी काही कुटुंबांकडे वळू. हे लिहिताना आमच्या काही वाचकांना संकोच वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. ज्यांना न्यायालयाने निर्दोष ठरविले, त्यांची जवळपास एकोणीस वर्षे कैदेत गेली. अटक झाली तेव्हा त्यांची मुले शाळेत होती. ती बाप तुरुंगात असतानाच मोठी झाली, दहशतवाद्याची मुले म्हणून. पत्नींनी भाड्याची घरे बदलली, आईवडील वाट पाहून वारले. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जामिनाच्या प्रतीक्षेत मुंबईतील रुग्णालयात निवर्तले, तेव्हा खटल्याविना कैद म्हणजे काय, हे आपल्या समाजाला प्रथमच घरच्या दुःखासारखे कळले. ते कळणे आपल्या माणसापुरते मर्यादित ठेवावे काय? स्फोटाने मारलेल्यांचे कुटुंब आणि चुकीच्या तपासाने चिरडलेले कुटुंब ही परस्परविरोधी नाहीत. खऱ्या गुन्हेगाराचा शोध न लागणे, हे दोघांचेही समान नुकसान आहे.

आपल्या व्यासपीठावरून अशा प्रसंगी क्षमेविषयी बोलले जाते, आणि बोलले जावे. १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे पती आणि दोन मुलगे जिवंत जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी केलेली क्षमा भारतीय ख्रिस्तसभा विसरू शकत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी डिसेंबर १९८३ मध्ये आपल्यावर गोळी झाडणाऱ्याची तुरुंगात जाऊन भेट घेतली, त्याचे छायाचित्र आपल्या कित्येक घरांत असेल. परंतु पोपमहोदयांसमोर एक चेहरा होता, एक हात होता, जो त्यांनी हातात घेतला. अकरा जुलैच्या कुटुंबाने कोणाचा हात हातात घ्यावा? क्षमा करण्यास क्षमेचा धनी ठाऊक असावा लागतो. तो ठाऊक नसताना एखाद्या विधवेला 'सोडून दे, क्षमा कर' असे सांगणे म्हणजे तिच्या प्रश्नावर झाकण ठेवणे होय. राहेलीने सांत्वन नाकारले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाने त्या नकाराची निंदा न करता नोंद केली आहे. आम्हांस वाटते, आपल्या सांत्वनभेटींत त्या नकाराला थोडी जागा असावी.

श्रीलंकेतील ख्रिस्तसभेने या बाबतीत एक वाट दाखविली आहे. २१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, कोलंबोच्या संत अंतोनीच्या मंदिरात, नेगोम्बोजवळील कटुवापिटिया येथील संत सेबास्टियनच्या चर्चमध्ये आणि अन्यत्र झालेल्या स्फोटांत २६० हून अधिक जण बळी पडले. कार्डिनल माल्कम रंजित यांनी सूडापासून परावृत्त राहण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते बहुतांशी ऐकले. परंतु त्याच कार्डिनलांनी सत्य शोधण्याची मागणी एक दिवसही सोडली नाही; सरकारे बदलली, तरी ते विचारीत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पूर्वसूचना मिळूनही हलगर्जी केल्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सूड नको आणि विस्मरणही नको, या दोन्ही मागण्या तेथे एकाच धर्मपीठावरून झाल्या. आपल्याकडे स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनासभा होते, दुसऱ्या वर्षी ती लहान होते, पाचव्या वर्षी होतच नाही.

धर्मग्रामांच्या हाती तरी काय आहे, असा प्रश्न येईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाला शासकीय उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे व तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावण्यास काहीच खर्च नाही. परंतु फलक वाचून स्वतः फोन करणारे थोडे असतात. शेजारच्या आळीतला अमुक हल्ली मिस्साला येत नाही, त्याची पत्नी भाजीबाजारात कोणाशी बोलत नाही, हे लहान ख्रिस्ती समूहातील बायकांना जेवढे ठाऊक असते, तेवढे कोणत्याही शासकीय योजनेला ठाऊक होणे शक्य नाही. समुपदेशनाचे शिक्षण घेतलेल्या धर्मभगिनी आपल्यात आहेत. त्यांना या घरांपर्यंत नेण्याचे काम शेजाऱ्यांचेच आहे.

नोव्हेंबरमध्ये आपण मृतांची नावे लिहून वेदीपाशी ठेवतो. २००६ नंतरची पहिली काही वर्षे त्या चिठ्ठ्यांत अकरा जुलैची नावे असत. पुढे ती फक्त घरच्या लोकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांत उरली. ११ जुलै २०२६ हा त्या संध्याकाळचा विसावा स्मृतिदिन. त्या दिवशीच्या सायंकाळच्या मिस्सात सर्व धर्मांच्या त्या मृतांसाठी, जखमींसाठी आणि निर्दोष ठरलेल्यांच्या घरांसाठीही प्रार्थना व्हावी, अशी विनंती आम्ही आपापल्या धर्मगुरूंना करावी असे सुचवितो. मिस्सा सहा वाजता असल्यास भाविकांच्या प्रार्थनांची वेळ साधारण सहा चोवीसच्या आसपासच येते.