सेवा पाहिजे, हुद्दा नको !

हक्क मागावयास जावें तर ‘आधीं लायकी दाखवा’ असें सांगावयाचें, आणि लायकी दाखविण्याची संधि मागावी तर ‘तो तुमचा हक्क नव्हे’ म्हणून दार लावून घ्यावयाचें, ही ब्रिटिश मुत्सद्द्यांची युक्ति १९४७ पूर्वीं आम्हां हिंदी लोकांच्या पुरती अनुभवाची झाली होती. परंतु तिचा प्रयोग त्यांनीं आपल्या घरच्या स्त्रियांवरहि केला, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

डॉ. एल्सी इंग्लिस यांचा जन्म १८६४ सालीं आमच्याच नैनिताल येथला. १९१४ सालीं महायुद्धाचा भडका उडतांच, सर्वस्वीं स्त्रियांनीं चालविलेलें इस्पितळ रणभूमीकडे धाडण्याची तयारी त्यांनीं लष्करी खात्यास कळविली. घरीं जाऊन स्वस्थ बसावें, असा सल्ला त्यांस मिळाल्याचें सांगतात. पन्नाशीस पोंचलेल्या, बावीस वर्षें वैद्यकी केलेल्या बाईंस हा उपदेश ! बाई घरीं बसल्या नाहींत. त्यांच्या संस्थेनें फ्रान्स व सर्बिया या दोस्त राष्ट्रांस आपली सेवा देऊं केली आणि त्यांनीं ती आनंदानें घेतली. पॅरिसच्या उत्तरेस रॉयोमाँ येथील जुन्या मठांत शस्त्रक्रियेपासून क्षकिरणांपर्यंत सर्व कामें स्त्रियांनींच १९१९ पर्यंत चालविलीं. सर्बियांत १९१५ सालीं उवांपासून पसरणाऱ्या टायफसनें कहर केला. शुश्रूषा करतां करतां कित्येक परिचारिका स्वतः बळी पडल्या. त्याच वर्षाअखेर शत्रूनें देश व्यापिला, तरी इंग्लिसबाई रुग्णांस सोडून न जातां कैदेंत राहिल्या. सुटल्यावर पुन्हां रशियाकडे गेल्या, आणि मायदेशीं परत पाऊल ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, २६ नोव्हेंबर १९१७ रोजीं, वारल्या.

मध्यंतरीं १९१६ सालीं डॉक्टर अपुरे पडूं लागतांच त्याच युद्धखात्यानें स्त्री-डॉक्टरांस माल्टा बेटावर नेलें. काम पुरुष डॉक्टरांचेंच; मात्र कमिशन नाहीं, हुद्दा नाहीं. जिच्या हातीं शिपायाचे प्राण, तिला सलाम करण्यास तो शिपाई कायद्यानें बांधलेला नव्हता !

सेवा करणारानें हुद्द्याकडे पाहूं नये, असें कित्येक सज्जन म्हणतील. पण लष्करांत हुद्दा हा दागिना नव्हे. हुकूम, शिस्त व पेन्शन हीं सर्व त्याच्याच खुंटीस टांगलेलीं असतात. आमचे व्यापारी बंधु पेढीची सारी जोखीम मुनिमावर टाकून त्यास सहीचा अधिकार नाकारतील काय ? १९१८ सालीं ब्रिटिश स्त्रियांस मताचा हक्क मिळाला, तोहि तिशीपुढच्यांस. म्हणजे विशी-पंचविशींत रणांगणावर राबलेल्या मुली पुन्हां बाहेरच !

इंग्रजांस हंसण्यापूर्वीं मात्र घरांत पाहावें. वैद्यकी शाखेच्या पुनीता अरोरा २००४ सालीं लेफ्टनंट जनरल झाल्या. तरी इतर शाखांतील स्त्री-अधिकाऱ्यांस कायम कमिशन देववावयास १७ फेब्रुवारी २०२० रोजीं सुप्रीम कोर्टास हुकूम करावा लागला. खेड्यांतून आलेले शिपाई स्त्रीचा हुकूम मानावयास मनानें तयार नाहींत, असा युक्तिवाद त्या कोर्टांत आमच्याच सरकारतर्फे झाला होता.